जिनमधल्या बांगड्या

शेठचा माणूस खामगावहून आला आणि म्हणाला, दिवाळीनंतर कापसाच्या जिनचं छप्पर उतरवायचं आहे. पत्रे, ते पेलणाऱ्या कैच्या, खांब, सगळं विकलं गेलं. तोवर शेड रिकामी करून द्या. आत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. जुने पट्टे आणि गंजलेले रूळ असतील असं त्याला वाटलं असावं. मी बरं म्हटलं, चहा दिला, तो गेला.

माझी धाकटी बहीण ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "काढायचं तं काढा, दादा. पण एकही वाढवायची नाही."

आत टांगलेल्या आहेत त्या बांगड्या, म्हणजे बांगड्यांचे तुकडे. मुळात तुकडेच असलेली वस्तू आणखी न वाढवता खाली कशी उतरवायची, असं एखाद्या परक्यानं विचारलं असतं. आमच्या घरात कुणी विचारलं नाही. बांगडी वाढते, तिच्यासाठी दुसरं क्रियापद आमच्या घरात तोंडातून काढत नाहीत. आणि बहिणीसमोर तर आठ वर्षांत हेसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

मी या जिनमध्ये वजनकाट्यावर होतो. मेहकरहून साखरखेर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला ही जिन आहे. ती बंद पडली, मशिनं विकली गेली, बाकीची माणसं पांगली आणि मी देखरेखीला राहिलो. घर आवारातच. मला अंदाजानं बोलता येत नाही. वजन माहीत असल्याशिवाय मी वस्तू जड आहे की हलकी ते सांगत नाही. घरात यावरून माझी थट्टा होते. हे सांगायचं कारण एवढंच की पुढचं जे लिहितो आहे त्यातलं जे मला माहीत आहे तेवढंच माहीत आहे, आणि जे नाही ते मी भरून काढलेलं नाही.

त्या बांगड्या टांगणारा मुलगा घानाचा होता. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा देश. नागपूरच्या कलाशाळेत सरकारी शिष्यवृत्तीवर शिल्पकला शिकायला आला होता आणि शेवटच्या वर्षाला होता. वर्गातल्या एका मेहकरच्या मुलाबरोबर तो इकडे आला, मोकळी शेड पाहिली आणि परत गेलाच नाही म्हणा ना. शेठनी परवानगी दिली, कारण रिकाम्या शेडमध्ये माणूस राहिला तर पत्रे चोरीला जात नाहीत.

उंच, सडपातळ, आवाज हलका. मराठी तो वसतिगृहातल्या मुलांकडून आणि एका जुन्या शब्दकोशातून शिकला होता. त्यामुळे एका वाक्यात "काऊन" आणि "तथापि" दोन्ही यायचे. गावात पोरं त्याच्या मागे फिरत, बायका पदराआडून बघत. साखरखेर्ड्याच्या बाजारात एका भाजीवाल्यानं त्याला सरळ विचारलं, "काऊन बा, तुमच्याकडं ऊन लय तपते काय?"

तो म्हणाला, "तपते. पण तुमच्या वांग्यांचा भाव त्याच्याहून जास्त तपून राह्यला."

बाजार हसला. भाजीवाल्यानं दोन वांगी वर टाकली. असं एकदा झालं; दर वेळी झालं नाही. मेहकरच्या एका हॉटेलात त्याचा कप वेगळा ठेवत. तो तिथंच जायचा आणि तोच कप मागून घ्यायचा. मी म्हटलं, दुसरीकडे जा. तो म्हणाला, "भाऊ, दुसरीकडे कपच नाही देत."

पहिल्या आठवड्यात मी त्याला विचारलं की तू नक्की करणार काय आहेस. मूर्ती?

"मूर्ती नाही. मूर्ती मधे ठेवतात आणि माणूस बाहेरून फिरतो. मला असं करायचं आहे की माणूस आत जाईल."

मग त्यानं आपल्या आईबद्दल सांगितलं. वडील कोकोची लॉरी चालवायचे, तो लहान असतानाच गेले. आई मणी करते. आईची आईही करायची. बंदरावरून रिकाम्या बाटल्या येतात, त्या उखळात कुटायच्या, चाळायच्या, मातीच्या साच्यात ती पूड भरायची आणि प्रत्येक मण्याच्या मधोमध एका पाल्याचा देठ उभा करायचा. भट्टीत देठ जळतो आणि त्याच्या जागी भोक राहतं. बाकी पूड वितळून मणी होतो. त्यांच्या अंगणात शिरलं की चारी बाजूंना माळा वाळत असतात, त्या बाजूला सारत सारत घरात जावं लागतं. लहानपणी त्याला वाटायचं घर म्हणजे हेच.

"हे करायला नागपुरात जागा नाही," तो म्हणाला. "तिथं मला प्लास्टरचे पाय काढायला देतात. चार वर्षं मी पाय काढतो आहे."

आता अशा कामाला मांडणशिल्प म्हणतात, हे मला फार पुढे एका मासिकातून कळलं. तेव्हा आम्ही त्याला "त्याचं काम" म्हणत होतो.

काच त्याला कासारांकडून मिळायची. यात्रेत, बाजारात कासार बायकांच्या हातात बांगड्या भरतो तेव्हा दहातली एखादी जातेच. ती काच कासाराच्या पेटीजवळ साठते आणि शेवटी उकिरड्यावर जाते. हा पोत्यानं मागतो म्हटल्यावर कासारांना नवल वाटलं. सिंदखेडराजापासून जळगाव जामोदपर्यंत जिथं जिथं यात्रा भरली तिथं तो एसटीनं गेला. गावात मात्र कुजबुज झाली की हा नदीकाठची काच वेचतो, म्हणजे नवरा गेलेल्या बाईची. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, नाही, सगळी कासारांची आहे. मी पोती उलटी करून पाहिली. नदीकाठची काच वाळूनं घासली गेलेली असते, ही कोरी होती. मी गावात तसं सांगितलं. काहींनी मानलं.

माझं कौतुक त्याला वाटायचं ते एका गोष्टीचं. कैच्या किती वजन झेलतील हे तो विचारायचा आणि मी सांगू शकायचो. याच कैच्यांवर पूर्वी शाफ्ट होता, पट्टे होते, त्यांचं वजन टनात. त्याची काच आम्ही काट्यावर घातली ती साठ किलोच्या थोडी वर भरली. बांबूच्या अठरा चौकटी केल्या. प्रत्येक चौकटीला सुती दोरे, दोऱ्यांना तुकडे. मी आग्रह धरला की सगळ्या चौकटींवर वजन सारखं हवं, नाहीतर कैची एका अंगाला ओढली जाईल. म्हणून चौकटीमागे साडेतीन किलोच्या किंचित आत काच आम्ही जोखून बांधली. खरं तर एवढ्याशा वजनानं कैचीला काही होणार नव्हतं. पण त्यानं ऐकलं.

काम उभं राहिलं तेव्हा ते असं होतं: दारातून शिरलं की नुसते लोंबणारे तुकडे, लाल, निळे, पिवळे, मधे मधे हिरवे. त्यांतून वाट काढत जायचं. पण वजनकाट्याच्या जागेवर येऊन वर पाहिलं की सगळे हिरवे तुकडे एका रेषेत येत आणि एक भली मोठी अखंड बांगडी दिसे. एक पाऊल सरकलं की ती नाहीशी. आणि वाऱ्यानं सगळं किणकिणायचं. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थबकत. बंद जिनमधून भरल्या हातांचा आवाज येतो आणि आत बाई नाही, हे त्यांना सोसायचं नाही.

त्या हिवाळ्यात लढाई झाली. माझ्या बहिणीचा नवरा फौजेत होता, पश्चिमेच्या सीमेवर. लग्नाला दोन वर्षं झाली होती. लढाई सुरू झाली तशी ती माहेरी आली. लढाई संपली, आजूबाजूच्या गावांत फौजेतल्या मुलांची पत्रं येऊ लागली, कुणी रजेवर आलं. तिच्या नवऱ्याचं पत्र आलं नाही. तार तर नाहीच. ती दिवसभर ओट्यावर बसायची. आमच्याकडे माझ्या विधवा आत्या राहायच्या, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या बहिणीच्या मागे सावलीसारख्या. आत्याबाईंचा नवरा त्या कोवळ्या असताना गेला होता आणि ती बातमी सगळ्या गावाला कळून झाल्यावर त्यांना कळली होती. ते त्यांनी कुणाला माफ केलं नव्हतं.

आमच्या रस्त्याला टपाल उशिरा येई. म्हणून तो घानाचा मुलगा सायकलनं मेहकरला जायचा, आपलं टपाल बघायचा आणि आमचंही. नागपूरच्या सरांचं कार्ड यायचं होतं. ते येऊन काम बघणार आणि त्यावर त्याची पदवी ठरणार होती. त्याच सुमारास त्याच्या देशात लष्करानं सरकार उलथवलं आणि परदेशातल्या मुलांची शिष्यवृत्ती राहते की नाही ते कुणाला सांगता येईना. पदवी घेतल्याशिवाय परत जावं लागलं तर आईच्या उखळाशी बसेन, असं तो हसून म्हणायचा, आणि मग हसायचा नाही.

त्या दुपारी कार्ड आलं. सर ठरल्यापेक्षा लवकर येणार होते, येत्या रविवारी. त्याचा हिरवा भाग अजून पुरा नव्हता. काट्यावरून बघितलं तर त्या बांगडीला एका बाजूला खिंडार पडलेलं दिसे. तो मेहकरहून सायकल दामटत आला, फाटकाला ती टेकवली आणि हातात कार्ड तसंच धरून धापा टाकत ओट्यापाशी आला. ओट्यावर बहीण, तिच्या मागे आत्याबाई. माझी बायको दारात. तिनंच मला मग शब्द सांगितले.

तो म्हणाला, "ताई, हिरव्या बांगड्या वाढवाव्या लागतील."

शब्दकोशात वाढवणे म्हणजे अधिक करणे, असंच असणार.

मी आत कचेरीत होतो. मला आधी आत्याबाईंचा हंबरडा ऐकू आला, मग दगडावर काच आपटल्याचा आवाज. मी पोचलो तोवर आत्याबाईंनी बहिणीचा डावा हात ओट्याच्या कडेवर आपटला होता आणि उजवा धरला होता. बहीण तोंडातून आवाज काढत नव्हती. माझी बायको दोघींच्या मधे शिरायला बघत होती. शेजारची तिघंचौघं धावत आली होती. तो कार्ड हातात घेऊन तसाच उभा, त्याला काहीच कळत नव्हतं.

"तार कुठं आहे?" मी ओरडलो. "दाखव. कुणी पाठवली?"

त्यानं कार्ड दिलं. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. मग सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, कारण मी नुसतं सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. नागपूरचे सर रविवारी येत आहेत. बाकी काही नाही.

आत्याबाईंनी उजवा हात सोडला. त्या खाली बसल्या आणि स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिल्या.

त्यानंतरचा गोंधळ सांगण्यासारखा नाही. कुणीतरी म्हणालं, "हाणा बे त्याले." कुणी म्हणालं, "याची काचच अपशकुनी, म्या पह्यलेच सांगतलं होतं." फाटकाशी गर्दी झाली. गावातली दोन मोठी माणसं आली, ते मला बाजूला घेऊन म्हणाले की जित्या माणसाच्या बायकोचा हात रिकामा झाला, आता ते आतलं सगळं आज पाडून टाका, नाहीतर आम्ही पाडतो. मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे आहे. ते म्हणाले, म्हणूनच तुम्हाला सांगून राह्यलो.

तो ओट्याखाली बसला होता. माझ्या बायकोनं त्याला काय झालं ते सांगितलं, शब्दाचा अर्थ सांगितला. त्यानं तो एकदा हळू म्हणून पाहिला, वाढवणे, आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग तो उठला आणि शेडकडे चालू लागला. मी विचारलं कुठं. "पाडायला," तो म्हणाला. "मीच पाडतो."

तेव्हा बहीण पहिल्यांदा बोलली. तिचा आवाज अगदी साधा होता, पाणी मागावं तसा. "कोणी हात लावू नका त्याले. आता माह्या नावानं एकही वाढवू नका."

तिच्या म्हणण्यात काय आहे ते मोठ्या माणसांना माझ्याआधी कळलं. तिचा एक हात रिकामा केलाच होता. आता तिच्याच नावानं हजारो बांगड्या जमिनीवर आपटायच्या? असं कोण करेल? गर्दी पांगली. ते काम राहिलं. तिनं माफ केलं म्हणून नव्हे. तिला भीती वाटली म्हणून.

त्यानं ओट्यावरचा एकेक तुकडा वेचला. आपल्या कामात एकही घेतला नाही. एका रुमालात बांधून तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "ताई, आमच्याकडे फुटलेली काच म्हणजे बियाणं." तिनं रुमाल घेतला. पुरचुंडी तिच्या पेटीत गेली. दुसऱ्या दिवशी कासार बोलावून मी तिचा डावा हात भरून घेतला.

रविवारी सर आले. त्या बांगडीतलं खिंडार तसंच होतं. त्यानं नंतर एकही हिरवा तुकडा बांधला नव्हता. सर बराच वेळ आत फिरले, काट्याच्या जागेवर उभे राहिले आणि विचारलं, "ही जागा मुद्दाम सोडली आहे का?" तो म्हणाला, "हो." सर म्हणाले, फार छान. मी बाजूला उभा होतो. त्याला पदवी मिळाली. वसंतात तो आपल्या देशात परत गेला. जाताना त्यानं माझ्या बायकोच्या पाया पडायला बघितलं, बहिणीसमोर नुसता उभा राहिला. ती म्हणाली, "जा. माय वाट पाहून राह्यली असंल."

फौजेकडून कळलं ते एवढंच: बेपत्ता. त्यावर पुढे काही आलं नाही. काही काळानं एक कागद आला, मृत मानायला संमती द्या म्हणजे पुढची कामं मार्गी लागतील. तो कपाटात आहे. ती त्यावर सही करत नाही आणि मी विषय काढत नाही. तिचे दोन्ही हात भरलेले आहेत. गावात सुरुवातीला बोलत. आता बोलत नाहीत. आत्याबाई त्यानंतर तीन उन्हाळे होत्या. शेवटपर्यंत त्यांनी बहिणीच्या हातातून पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांना तो हात धरवत नसे.

शेडला कुलूप होतं. वाऱ्याच्या दिवसांत आवाज यायचा. माझी बायको खिडकी लावून घ्यायची, बहीण उघडायची.

तो पत्र पाठवायचा, वर्षातून एकदोन. शिकवायला लागला, मग मोठी कामं मिळू लागली. आईच्या गावच्या भट्ट्यांजवळ त्यानं बाटल्यांच्या काचेचं एक आख्खं अंगण उभं केलं. युरोपातल्या शहरांत त्याला बोलावू लागले. एका पाकिटात मासिकाचं पान आलं: एका मोठ्या दालनात छतापासून जमिनीपर्यंत काचेचे तुकडे, माणसं त्यातून चालत आहेत. खाली इंग्रजी लिपीत कामाचं नाव छापलं होतं. मी ते अक्षर अक्षर वाचलं. वाढवणे.

बहिणीनं पान हातात घेतलं आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "माह्या हाताचं नाव देलं त्यानं. इचारलं तरी काय?"

मी त्याला तसंच लिहिलं, शब्द न बदलता. त्याचं उत्तर आलं की ताई बरोबर बोलतात, विचारायला हवं होतं, पण नाव आता छापलं गेलं आहे आणि लोक त्या कामाला त्याच नावानं ओळखतात. त्यानं क्षमा मागितली होती. काम मागे घेतलं नव्हतं. मला त्याचं म्हणणं कळतं आणि बहिणीचंही कळतं, आणि ही दोन वजनं मला एका काट्यावर ठेवता आलेली नाहीत.

शेठचा माणूस येऊन गेल्यावर मी घानाला त्याला पत्रानं कळवलं. उत्तर लवकर आलं. त्याच्या देशाच्या राजधानीतलं संग्रहालय त्याचं हे पहिलं काम ठेवून घ्यायला तयार आहे, त्याला फार आवडेल. पण ताई म्हणतील ते करा. आणि उतरवताना शेवटी बांधलेली चौकट आधी सोडा, दोरे कापू नका, गाठी सोडवा.

जिनचे दोन जुने हमाल बोलावले. बहीण म्हणाली, मी येते. आठ वर्षांत ती शेडमध्ये एकदाही आली नव्हती. ती सरळ गेली आणि काट्याच्या जागेवर उभी राहिली, म्हणजे तिथूनच बघायचं असतं हे तिला माहीत होतं. मासिकाच्या पानावरून नव्हे, इतक्या वर्षांत आमच्याच बोलण्यातून. वर पाहिलं. धुळीनं हिरवा रंग मातकट झाला होता. खिंडार होतं तिथंच होतं.

पहिल्या चौकटी नीट उतरल्या. हमाल कैचीवर चढून गाठ सोडायचे, दोर हळूहळू सोडायचे, मी आणि माझी बायको खालून चौकट झेलून पोत्यावर आडवी करायचो. एका चौकटीचा दोर वर कैचीला घासून झिजला होता किंवा उंदरांनी कुरतडला होता. गाठीला हात लावताच तो तुटला. चौकट तिरपी होऊन फरशीवर आली. एवढ्याशा काचेचा एवढा आवाज होईल असं मला वाटलं नव्हतं.

वरचा हमाल म्हणाला, "अरे देवा, वाढ..." आणि थांबला. माझ्या बायकोनं तोंडावर पदर धरला. मी बहिणीकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत राहिलो.

"फुटली," बहीण म्हणाली.

ती काट्याच्या जागेवरून चौकटीपाशी आली.

"फुटली, दादा. काच आहे ते. झाडू आण."

मी झाडू आणला. तो तिनं माझ्या हातातून घेतला आणि स्वतः झाडलं, कोपऱ्यापासून मधे, कोपऱ्यापासून मधे, जशी ती अंगण झाडते. तुकडे सुपात भरले, एका जुन्या लुगड्याच्या फडक्यात ओतले. हमालांना म्हणाली, "काऊन उभे राह्यले? बाकीच्या उतरवा." बाकीच्या उतरल्या, सगळ्या सबंध.

संध्याकाळी मी विचारलं की संग्रहालयाला काय कळवू. ती म्हणाली, "चौकटी घरीच राहू दे. त्या म्या देत नाही." मग आतून गाठोडं आणून माझ्यासमोर ठेवलं, दोन गाठी मारलेलं. "हे त्याच्या मायले धाड. फुटलेलं हाय, तिच्या कामाचं हाय."

म्हणजे तिनं वाट बघणं सोडलं की नुसती भीती सोडली, हे मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात बांगड्या होत्या, आजही आहेत. कपाटातला कागद जिथं होता तिथं आहे.

पार्सलवर वजन घालायचं म्हणून मी गाठोडं काट्यावर ठेवलं. जिनचा मोठा काटा गेला, घरचा लहान आहे. चौकटीत काच किती होती ते मला पाठ होतं. ती मीच जोखून बांधली होती. तसंच दुसरं फडकं जोखून ते वजन वजा केलं. गाठोडं पन्नासएक ग्रॅम जास्त भरलं. एका हातातल्या बांगड्यांचं तेवढंच भरतं. पण आठ वर्षांची धूळही तेवढी भरू शकते, दोऱ्याचे तुकडेही भरू शकतात.

बहीण दारात उभी राहून बघत होती. मी दोन्ही गाठी आणखी आवळल्या आणि वरून पत्ता शिवला. ती रुमालाची पुरचुंडी ठेवलेली तिची पेटी मी उघडून पाहिलेली नाही.